सात नंबरच्या अठ्ठावीस बाटल्या

काकाजींच्या प्रयोगशाळेत बाटल्या येत नसत. बाया येत.

"वडनेरच्या बाया आल्या काय?" ते जिन्यातूनच विचारायचे. मी बर्फाचा डबा खांद्यावरून उतरवत म्हणायची, आल्या. मग डब्याचं झाकण ते स्वतः उघडायचे, एकेक बाटली उजेडाकडे धरायचे आणि तिची विचारपूस करायचे. ही रस्त्यात तापली दिसते. हिचं झाकण कोणी इतकं घट्ट लावलं? ही काल कमी पाणी प्यायली, रंग पाहा. बाटलीत काय होतं? लघवी. सकाळी उठल्याबरोबरची, पहिली.

मला हे नाटक वाटलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, शेतमजूर बायांच्या संघटनेत काम करत होते, आणि जगात माणसं दोनच प्रकारची असतात असं माझं ठाम मत होतं. आपल्या बाजूची आणि विकली गेलेली. पत्रकं लिहून लिहून असं होतं. पत्रकाच्या एका पानात तिसऱ्या प्रकारच्या माणसाला जागा पुरत नाही.

आमचं भांडण होतं हिंगणघाट या तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्याशी. पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या प्रत्येक बाईला तिथे एकच उत्तर मिळायचं. पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पाळी तशीही जाऊनच राह्यली, ठेवून काय करता? बाई तिशीची सुद्धा नसायची. कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी बाई चार दिवस आजारी पडली की मजुरी बुडते, म्हणून घरचेही मान डोलवायचे. आम्ही ठरवलं, भाषणं पुरे झाली, आता पुरावा आणू. बाईचं अंडाशय काम करतंय की थांबलंय हे तिच्या लघवीतल्या हार्मोनवरून कळतं. रोजची एक बाटली, अठ्ठावीस दिवस. एका शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेने मोजून द्यायचं कबूल केलं आणि आमच्या वाट्याला काकाजी आले.

साठीला टेकलेला माणूस. पांढरा कोट गुडघ्याखालपर्यंत, खिशात चार पेनं, गळ्यात लोकरीच्या दोऱ्याला बांधलेला टायमर. खरं पद काहीतरी 'वरिष्ठ तंत्रज्ञ' वगैरे असेल, पण शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे काकाजीच म्हणायचे. आता ते निवृत्त झालेत, कारंज्याला मुलीकडे असतात. ती म्हणते, घरातल्या दुधाच्या पातेल्यावरही तारीख आणि वेळ लिहून चिठ्ठी लावतात.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांनी एका बाटलीचं झाकण काढलं आणि मी ओढणी नाकाला लावली. ते थांबले. सकाळी उठून तू पहिलं काम काय केलं, असं त्यांनी मला विचारलं. मी लाल झाले. "मग तुह्याले वास नव्हता काय?" एवढं बोलून ते कामाला लागले. त्यांनी मला बाहेर काढलं नाही, पण मी ओढणी खाली घेईपर्यंत पुढची बाटली उघडली नाही. टेबलावर सत्तावीस बाया ताटकळत होत्या. मी ओढणी खाली घेतली.

बायांची नावं त्यांना नको असायची. बाटलीवर गाव आणि नंबर, बस. कोणता नंबर कोणाचा ही वही माझ्याकडे. मी एकदा बोलता बोलता एका बाईचं नाव घेतलं तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्यासमोर, भर प्रयोगशाळेत, लहान लेकरासारखे. नाव कळलं की आपण त्या बाईच्या आकड्यावर दया करतो, असं त्यांचं म्हणणं. दया केली की आकडा बिघडतो.

काम मात्र पाहण्यासारखं. प्लॅस्टिकची एक चपटी प्लेट, तिच्यात शहाण्णव बारके खड्डे. प्रत्येक खड्ड्यात एका सकाळचे दोन-चार थेंब. मग वरून औषधं, मग दोन तास थांबणं, मग धुणं, मग रंग. या तपासणीत गंमत अशी की हार्मोन जितकं जास्त, तितका रंग फिका येतो. काकाजींना हे फार आवडायचं. मशीन आकडे द्यायच्या आधी ते प्लेट डोळ्यांसमोर धरून आडव्या ओळीने वाचायचे, आपण पेपर वाचतो तशी. इथं वर चढून राह्यली, इथं बीज सुटलं, इथं उतरून राह्यली. मग मशीनचा कागद यायचा आणि तेच सांगायचा.

त्या दोन तासांत ते चहा प्यायला जिन्यात जाऊन उभे राहायचे. प्रयोगशाळेत खायचं-प्यायचं नाही हा नियम सगळीकडे लिहिलेला असतो, पाळणारा मी एकच माणूस पाहिला. टायमर वाजला की अर्धा कप तसाच कठड्यावर. दिवसातून तीन वेळा अर्धा चहा पिणारा हा माणूस पूर्ण चहा कधी पीत असेल, हे मी त्यांना विचारलंही होतं. रविवारी, असं उत्तर मिळालं.

वडनेरला बाटल्या जमवायला फ्रीजर मिळत नव्हता. शेवटी किराणा दुकानवाल्या काकूंनी कुल्फीच्या फ्रीजरमध्ये एक कप्पा दिला. अट एकच, कुल्फीच्या वर ठेवायचं नाही, खाली ठेवायचं. मला वाटलं काकाजी चिडतील. ते म्हणाले, त्या बाईले माझा नमस्कार सांगजो.

एक वही त्यांची स्वतःची होती. दर सोमवारी सकाळी ते स्वतःचा नमुना आणायचे आणि सगळ्यांच्या आधी मोजायचे. ताण वाढला की शरीरात जे हार्मोन वाढतं, ते. यंत्र नीट चालतंय का हे पाहायला म्हणे. पण सोमवारचा सोमवार करत वीस वर्षं झाली होती, आणि वहीत एका माणसाचं सगळं आयुष्य आकड्यांत उतरलं होतं. एकदा प्लेट थांबली असताना त्यांनी ती मला दाखवली. हे पोरीचं लग्न. हे माझं बदलीचं प्रकरण. मग एका पानावर बोट थांबलं. या आठवड्यात आमची बाई गेली, म्हणाले. आकडा नेहमीचाच होता. मी तसं म्हटलं. त्यांनी बोट पुढच्या आठवड्यावर सरकवलं. तिथे आकडा दुपटीच्या वर गेला होता.

"तवा पाव्हणे गेलते," ते म्हणाले. टायमर वाजला आणि ते उठले.

मी त्या दिवशीच या माणसाला ओळखायला पाहिजे होतं. नाही ओळखलं. दोन आठवड्यांनी मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं.

झालं असं. आमच्या बायांमध्ये वडनेरची सात नंबर सगळ्यात निकडीची होती. वय एकोणतीस, दोन मुलं, पाळीत रक्त फार जायचं. त्या दवाखान्याने पिशवी काढायची तारीखसुद्धा दिली होती, गुरुवारची. तिच्या अठ्ठावीस बाटल्या मोजून झाल्या होत्या. मी रिपोर्ट मागायला गेले तर काकाजी म्हणाले, देत नाही. मी म्हटलं, महिन्याची सरासरी तरी द्या, मी तेवढ्यावर भांडते. ते म्हणाले, सरासरी तर मुळीच देत नाही.

"काऊन?"

"आकडा खोटं बोलत नाई. पण त्याले इचारा लागते, तू कोनाचा? हे बाटल्या एका बाईच्या नाईत."

मला यातलं एक अक्षर पटलं नाही. बाटल्यांवर नंबर माझ्या हाताचे होते. बाया माझ्या होत्या, बैठका मी घेतल्या होत्या. मला वाटलं, दवाखानावाल्यांचा फोन आला असेल. संस्थेत कोणाचा तरी जावई डॉक्टर असतोच. गुरुवारला आठ दिवस होते. मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'प्रयोगशाळेचं मौन कोणाच्या फायद्याचं?', छापून आणलं आणि सोमवारी सकाळी त्यांच्याच फाटकावर वाटायला उभी राहिले.

काकाजी सायकलवरून आले, उतरले, एक पत्रक घेतलं. चष्मा वर करून पूर्ण वाचलं, मागची बाजूसुद्धा. आजूबाजूला लोक जमले होते. मला वाटलं आता भांडतील, आणि मला तेच हवं होतं.

"तीस बाटल्या लिहिल्या तू," ते म्हणाले. "अठ्ठावीस हायेत. बाकी तुह्यं मत. चाल वर."

वर त्यांनी सात नंबरचा कागद माझ्यापुढे ठेवला. अंडाशय थांबलं की मेंदू एक हार्मोन वाढवत नेतो, दार उघडत नाही म्हणून जास्त जोराने ठोकावं तसं. त्याची रेघ पहिले नऊ दिवस जमिनीलगत होती. दहाव्या दिवशी एकदम आभाळात. आठ दिवस तशीच वर. अठराव्या दिवशी पुन्हा जमिनीवर, जसं काही झालंच नाही.

"या आठ दिवसांत हे बाई वीस वर्षानं मोठी झाली," काकाजी म्हणाले. "अन् मंग परत जवान झाली. असं होते काय?"

नाही होत. मला विज्ञान कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. आणि दुसरं कळलं ते जास्त वाईट होतं. मी मागत होते ती सरासरी त्यांनी दिली असती तर त्या आठ बाटल्यांनी सगळा महिना वर ओढला असता. सात नंबरची पाळी खरंच जाते आहे असं कागदावर सिद्ध झालं असतं. तो कागद घेऊन मी स्वतः भांडायला गेले असते, आणि दवाखानावाल्यांनी तोच कागद दाखवून गुरुवारी तिला टेबलावर घेतलं असतं.

मी म्हटलं, मी आत्ता वडनेरला जाते, विचारते तिला.

"तू नको इचारू. तू इचारशील त ते घाबरन. मी येतो."

वीस वर्षांत काकाजी कधी कोणत्या बाईच्या घरी गेले नव्हते. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कोट खुंटीला अडकवून, माझ्याबरोबर हिंगणघाटच्या एसटीत बसले. हातात फाइल. वाटेत एवढंच बोलले की घर दाखवायचं, नाव सांगायचं नाही. ते जमणार कसं? अंगणात पाय ठेवला तर तिचा धाकटा पोरगा, आजी मारते तशी, मायला नावाने हाक मारत आत गेला. काकाजी तुळशीकडे पाहत राहिले, काही ऐकलं नाही असं तोंड करून.

सात नंबर होती, तिचा नवरा होता, सासू होती. सासू पन्नाशीची, पण सत्तरीची वाटावी अशी वाकलेली. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. काकाजींनी कोणालाही दोष येईल असं काही विचारलं नाही. म्हणाले, नवव्या दिवसानंतर आठ दिवस कोणाचे होते तेवढं सांगा, कोणाचं काही चुकलेलं नाही, मला फक्त बाया वेगळ्या करायच्या आहेत.

सून मान खाली घालून बसली. बोलली सासू. सुनेचा बाप पडला म्हणून ती आठ दिवस हिंगणीला माहेरी गेलती. "मले वाटलं, बाटल्या खाली राह्यल्या त हे पोरगी सुनेले बोलन. म्हून म्या भरल्या. रोज सकाळी. एक नाई चुकवली."

हे पोरगी म्हणजे मी. पहिल्या बैठकीत टेबलावर हात आपटून मीच सांगितलं होतं की एक बाटली चुकली तर अख्ख्या महिन्याचं वाटोळं होईल, आणि चुकवणाऱ्या बाईमुळे बाकी सगळ्या बुडतील. टाळ्या पडल्या होत्या. तिकडे मागच्या रांगेत बसलेल्या या बाईने सुनेला माझ्या तोंडातून वाचवायचं ठरवलं होतं.

काकाजींनी फाइलमधून पहिला कागद काढला. उरलेल्या वीस बाटल्या सुनेच्या. त्यांत सगळं चाललं होतं, चढायचं तेव्हा चढलं होतं, बीज सुटल्यावर जे हार्मोन वाढायला पाहिजे ते वाढलं होतं. पाळी जाऊन राह्यली हे साफ खोटं, ते नवऱ्याकडे पाहून म्हणाले. रक्त का जास्त जातं ते मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पण त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि कापायच्या आधी दाखवा. नवरा म्हणाला, तारीख घेतली आहे, जीपवाल्याला सांगून ठेवलं आहे. आईकडे पाहिलं. या घरात शेवटचा शब्द तिचा होता. ती चहात साखर टाकत राहिली. मला कळलं की अजून काहीच झालेलं नाही, गुरुवार जिथल्या तिथे आहे. मी बोलायला तोंड उघडलं. काकाजींनी माझ्याकडे न पाहता हात आडवा केला.

मग त्यांनी दुसरा कागद काढला.

"हे तुमचं," ते सासूला म्हणाले.

"माह्यं? म्या त नुसत्या बाटल्या भरल्या."

"आठ दिवस तुमी आल्या आमच्याकडं. आल्या बाईले उत्तर द्या लागते."

कागदावर नावाची जागा कोरी होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिला तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं आणि पाळी कधी थांबली ते विचारलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"माह्यं बी काढलं होतं. सत्ताविसाव्या वर्षी. बाजूचं अंडाशय बी काढलं म्हणे. तवापासून हाडं दुखते, राती अंगाले आग लागते. डॉक्टर म्हणे, वय झालं." ती थांबली. "म्हून म्या हिच्या वेळेले काई म्हटलं नाई. म्हटलं, बायाचं असंच राहते."

पत्रकातली माझी सगळी वाक्यं त्या वेळी माझ्याजवळ होती. शोषण, व्यवस्था, नफेखोरी. सगळी खरी होती, आजही आहेत. एकही उपयोगी पडलं नसतं.

"हे आंगाची आग, हे हाडं," तिने कागदावर हात ठेवून विचारलं, "हे तवाच कळत होतं काय?"

"मले माहीत नाई बाई," काकाजी म्हणाले. "तवा कोनी पाह्यलं नाई."

एखाद्याने धीर दिला असता. खोटी आशा दिली असती, नाहीतर माझ्यासारखा दवाखान्याच्या नावाने ओरडला असता. काकाजी फक्त बसून राहिले. चहा आला तो त्यांनी पूर्ण प्यायला. सासूने कागदाची घडी केली, चोळीत खोचली आणि मुलाला म्हणाली की जीपवाल्याला सांग, गुरुवारी यायचं, पण गाडी हिंगणघाटला नाही, वर्ध्याला न्यायची. मोठ्या दवाखान्यात. नवरा म्हणाला, तिथं फार वेळ लागते. ती म्हणाली, लागू दे.

परतीच्या एसटीत मी काकाजींची माफी मागितली. ते खिडकीतून शेतातल्या कापसाच्या पराट्या पाहत होते. "छापलं ते छापलं," म्हणाले. "पुढच्या बैठकीत बायाले सांगजो, चुकलेली बाटली खाली ठेवा. खाली बाटली चालते. ते बी खरीच असते." ही एवढी ओळ मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगते, टेबलावर हात न आपटता.

गुरुवारी मी मोठ्या दवाखान्यात सकाळपासून होते. काकाजीही आले. बायांच्या विभागात पुरुषांना सोडत नाहीत, म्हणून ते दोन तास बाहेर जिन्याजवळ उभे. आत डॉक्टरीणबाईंनी सात नंबरला तपासलं, सोनोग्राफी केली. रक्त कमी होतं, पिशवीत एक बारकी गाठ होती, गोळ्यांनी पाहू म्हणाल्या, तीन महिन्यांनी या. काढायचं काय, असं सुनेने दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाल्या. सून हातातली थैली उचलून उठली.

सासू उठली नाही. ती सुनेने रिकाम्या केलेल्या जागेकडे सरकली, चोळीतला कागद काढून टेबलावर हाताने सपाट केला आणि म्हणाली, "आता माह्यं पाहा."

मी बाहेर येऊन काकाजींना सगळं सांगितलं. सुनेचं ऐकून त्यांनी मान हलवली. सासूचं ऐकून ते जिना उतरायला लागले. प्रयोगशाळेत कारंज्याच्या बाया आल्या असणार. चार पायऱ्या उतरून थांबले, परत वर आले.

"बसाले जागा देली ना तिले?"

देली, मी म्हटलं. डॉक्टरीणबाई लिहून घेत आहेत.